रात्री खात नाही, पण रात्री रांधते

दशलक्षण पर्वात मी दोन-तीन दिवस एकाशन करते. नोकरी सांभाळून तेवढंच जमतं. २०२५ मध्ये उत्तम तपाचा दिवस ३ सप्टेंबरला, बुधवारी आला होता. त्या दिवशी आत्या (माझ्या सासूबाई, आमच्या सांगलीकडे सासूला आत्याच म्हणतात) आणि मी, दोघींनी एकाशन करायचं आणि चार-साडेचारला घरी एकत्र जेवायचं, असं आदल्या रात्री ठरलं. आत्या दरवर्षी एकाशन दुपारी बारालाच आटोपतात. "यंदा तुझ्याबरोबर करते, तेवढंच तुला बळ," असं त्या म्हणाल्या. मी हाफ डे टाकला. दोन दिवस आधी अर्ज देऊन, वर तोंडी सांगून.

दीड वाजता निघायचं होतं. सव्वा वाजता साहेब म्हणाले, "ऑडिटर आलेत, पाच मिनिटं बसून घ्या."

नोकरी करणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, ही पाच मिनिटं किती वाजता संपतात. आमची पाच चाळीसला संपली. चार तासांत माझ्या वाट्याला तीन प्रश्न आले. तिन्हींची उत्तरं मी सोमवारीच मेलवर पाठवली होती. मध्ये एकदा उठून आत्यांना मेसेज केला, "उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या." दोनदा फोन लावला. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता आणि आत्या स्वयंपाकघरात.

चिंचवडहून लोकल पकडली. बसायला जागा मिळाली याचाच आनंद. देहूरोड गेलं, तळेगाव गेलं. बाहेर पाऊस, ढग इतके खाली की सूर्य आहे की गेला ते आकाशाकडे पाहून कळत नव्हतं. मोबाईलमध्ये पाहिलं: सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास. गाडी तेव्हा कामशेतच्या आसपास होती. माझा उपवास घडला, ठीक. मनात म्हटलं, तपाचा दिवस आहे, तप झालं. आत्या तर जेवल्या असतील.

आत्या जेवल्या नव्हत्या. ताटं वाढून, झाकून, माझी वाट बघत बसल्या होत्या. मेसेज त्यांनी पाहिलाच नाही. सहा वाजले, साडेसहा वाजले, मग नियमच आड आला. एकाहत्तर वर्षांचं शरीर, आदल्या संध्याकाळपासून पोटात अन्न नाही, बीपीची गोळी तेवढी वेळेवर घेतलेली. ओट्यापाशी उभ्या असतानाच त्यांना गरगरलं. नशीब, पडल्या नाहीत, खाली बसल्या. शेजारच्या वहिनींनी दुकानात फोन केला. आमचं बाजारात औषधाचं दुकान आहे. आमचे हे बीपीचं मशीन घेऊन धावत आले. मी पोचले तेव्हा आत्या कॉटवर आडव्या होत्या आणि हे त्यांना साखर-मिठाचं पाणी घ्या म्हणून विनवत होते. त्यांनी घेतलं नाही. "आता उजाडल्यावरच. मला काय झालं नाही," एवढंच म्हणाल्या. बीपी तोवर ताळ्यावर आलं होतं, म्हणून आम्हीही गप्प बसलो. रात्रभर झोप मात्र दोघांनाही लागली नाही.

त्या रात्री मी ऑफिसवर जेवढी चिडले तेवढी दहा वर्षांत चिडले नव्हते. आणि योग असा की त्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने कामाचे तास वाढवायला मंजुरी दिल्याची बातमी आली. २० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानं-आस्थापनांत दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १०, कारखान्यांत ९ वरून १२. जादा कामाला दुप्पट मोबदला आणि कामगाराची संमती, असंही त्यात आहे. संमती! सव्वा वाजता "पाच मिनिटं बसून घ्या" म्हणणाऱ्याला नाही म्हणता येतं तिथे संमती. उत्तम तपाच्याच दिवशी सरकारने आमच्याकडे आणखी एका तासाचं तप मागितलं, असं मी तेव्हा मनात म्हटलं, आणि हसूही आलं नाही.

आता थोडं या नियमाबद्दल, कारण माझ्या ऑफिसात त्यावरून अजून गंमत चालते. "तुमचं सहानंतर बंद ना?" असं विचारतात. आमचं "सहानंतर" नसतं, सूर्याप्रमाणे असतं. लोणावळ्यात जुलैच्या सुरुवातीला सूर्य सव्वासातला मावळतो. नोव्हेंबरच्या शेवटी सहालाही दोन-तीन मिनिटं कमी असतात. आणि काटेकोर पाळणारे सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधीच, हात धुतात. आषाढात चातुर्मास बसतो तेव्हा नियम सोपा वाटतो. ऑफिसातून निघून, गाडीत डबा खाऊन, आरामात जमतं. मग दर आठवड्याला सूर्य पाच-सहा मिनिटं अलीकडे सरकत येतो आणि ऑफिस जागचं हलत नाही. दिवाळीपर्यंत दोघं एकमेकांवर येऊन आदळतात. पुस्तकात हे कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही, पण नोकरी करून व्रत पाळणाऱ्या प्रत्येकीला हे पोटातून माहीत असतं.

बरं, डब्याचंही एक असतं. आमच्या घरी इंद्रायणी भात लागतो. मावळात राहून दुसरा तांदूळ शिजवणं बरं दिसत नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानेच तो १९८७ मध्ये दिला. पण इंद्रायणी गरमच खावा. सकाळी साताला डब्यात भरलेला इंद्रायणी संध्याकाळी साडेपाचला उघडला की त्याचा गोळा झालेला असतो, चमच्याने कापून खावा लागतो. म्हणून डब्यात दशमी, चटणी, कोरडी उसळ. चातुर्मासात पालेभाजी नाही. कांदा-बटाटा तर बाराही महिने नाही. समोरची बाई वडापाव खात विचारते, "मग तुम्ही खाता तरी काय?" मी म्हणते, "साडेपाचला जे मिळेल ते."

तर, मी चिडले होते. दुसऱ्या दिवशी उत्तम त्याग, मग आकिंचन्य, मी रोज ऑफिसात तोंड पाडून बसत होते आणि मनातल्या मनात साहेबांना उत्तरं देत होते. पर्व संपलं. क्षमावाणीच्या दिवशी मी आत्यांच्या पाया पडून म्हटलं, "आत्या, त्या दिवशी माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला. चुकलं माझं. पण खरं सांगायचं तर आमचं ऑफिसच तसं आहे."

आत्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आफिसाचं ठेव तिकडं. माझी दुपार कुठं गेली ते सांग."

मला कळलंच नाही. "म्हणजे?"

"तू नोकरीला लागायच्या आधी मी दोन ते पाच वाचत बसायची. स्वाध्याय व्हायचा. डोळा लागला तर लागायचा. आता चारला कुकर. माझं पाचला. मग आठला पोरगं क्लासवरनं येतंय, त्याला गरम पोळी पायजे. साडेनऊला दुकान बंद करून हा येतोय, त्याला गरम पायजे. दहाला ओटा. तू भांडी घासतीस, मी जागेवर लावते. रात्री खात न्हाई मी. पण सहा तास रांधते."

एवढंच बोलल्या. आवाजही चढवला नाही. पुन्हा वाती वळायला लागल्या.

मैत्रिणींनो, तुमच्या घरचं मला माहीत नाही, पण माझ्या घरचं चित्र मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. घरात रात्रीचं न खाणाऱ्या दोघी. रात्रीचं खाणारे दोघे. आणि खाणाऱ्यांसाठी रात्री तव्यापाशी उभ्या कोण, तर न खाणाऱ्या. दिव्याभोवती पावसाळी किडे घोंघावताहेत, एक दोन तव्यावर पडताहेत, आणि आम्ही तोंड बंद ठेवून पोळ्या लाटतोय. ज्या कारणासाठी आपण रात्री खात नाही, ते कारण तव्याखालच्या आगीला लागू नाही का?

आपल्याकडे पाप-पुण्याचा हिशेब कृत, कारित आणि अनुमोदना असा तिहेरी मांडतात. स्वतः केलं ते, दुसऱ्याकडून करवलं ते, आणि दुसरा करत असताना "बरं झालं" म्हटलं ते. लहानपणी पाठशाळेत हे पाठ केलं होतं. मी हिशेबखात्यात काम करते, तिहेरी नोंद मला समजायला हवी होती. पण मी एकाच रकान्यात लिहीत होते: मी खाल्लं नाही. करवलेल्याचा रकाना कोराच.

आणि घरापुरतं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. आत्यांचं ते बोलणं डोक्यात घोळत असताना मी रात्री सहज मोबाईल उघडला. आमच्या खात्यात माझ्या हाताखाली एक मुलगी आहे, चोवीस-पंचवीस वर्षांची. कान्ह्याजवळच्या गावातून येते. तिच्या नावावर बोट ठेवलं आणि वर वर सरकवत गेले. मी पाठवलेले मेसेज. रात्री ८.५०. रात्री ९.३५. रात्री १०.१०: "उद्या आल्यावर आधी तो पार्टीचा लेजर काढ, विसरू नकोस." रविवारी सकाळी ७.२०. प्रत्येकाखाली तिचं उत्तर, "हो ताई." दोन-तीन मिनिटांच्या आत. म्हणजे ती पोरगी रात्री दहा वाजता फोन हातात घेऊन बसलेली असते. कुणासाठी? माझ्यासाठी. मी सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय काही घेत नाही याचं तिला फार कौतुक आहे, तिने एकदा तसं बोलूनही दाखवलं होतं.

माझ्या साहेबाने मला पाच मिनिटं म्हणून साडेचार तास बसवलं. मी त्या मुलीला गेली दोन वर्षं रोज रात्री बसवत होते, आणि मला त्याचा राग आलेला नव्हता.

कामाचा धबडगा खोटा नसतो, हेही सांगते. आमच्या कामाचा महिना तारखांवर चालतो. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, आणि सप्टेंबर आला की ऑडिट. दशलक्षण आणि ऑडिट हे दरवर्षी हातात हात घालून येतात. त्या दिवसांत कुणी सहाला उठलं तर काम अडतं हे मला मान्य आहे. पण मी ते रात्रीचे मेसेज पुन्हा वाचले. सव्वीस होते. त्यातले किती त्याच रात्री जायला हवे होते? मोजून दोन. बाकीचे मी पाठवले ते माझ्या डोक्यातून काढून तिच्या डोक्यात टाकायला, म्हणजे मला झोप लागावी.

श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडव्रत म्हणून एक आहे. कारण नसताना केलेली हिंसा, कारण नसताना दिलेला त्रास टाळायचा. विनाकारण माती खणू नये, विनाकारण पाणी सांडू नये, असं समजावतात. संसारी माणसाकडून हिंसा होणारच, पोट आहे, धंदा आहे. पण निदान ज्यातून काहीच साधत नाही ते तरी करू नये, इतकं साधं आणि इतकं व्यवहारी व्रत आहे ते. आम्ही ते पावसाळ्यात पर्यटकांना लावतो. भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग शनिवारी सकाळी बाजारापर्यंत आली की लोणावळ्यात प्रत्येक घरात अनर्थदंडाचं प्रवचन सुरू होतं. पण रात्री दहाचा लेजरचा मेसेज? तोही त्यातच बसतो, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

यावर आमच्या घरात वाद झाला. हे म्हणाले, "मग मी दुकान सहाला बंद करू? रात्री पोराला ताप आला तर लोकांनी कुठं जायचं?" बरोबर आहे. दुखण्याला सूर्यास्त नसतो. औषधवाला, नर्स, लोकलचा मोटरमन, घाटात रात्रीची रेल्वे सांभाळणारे (माझे सासरेही रेल्वेत होते, त्यासाठीच तर हे कुटुंब सांगली जिल्ह्यातून इथे आलं), यांच्या रात्रपाळीला अर्थ आहे. सगळं जग सूर्याबरोबर बंद करा असं मी म्हणतच नाही. मी म्हणते, रात्री ज्याला बसवायचं त्याच्याआधी एकदा विचारा, हे उद्या चालणार नाही का? बहुतेक वेळा चालतं.

कायद्याने हे होईल का? २०१८ मध्ये सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं होतं, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा, मेलला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा म्हणून. फ्रान्समध्ये तसा कायदा २०१७ पासून आहे. आपल्याकडे खासगी विधेयकांचं सहसा जे होतं तेच झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये, पुण्यात नोकरीला असलेल्या एका तरुण सनदी लेखापाल मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल लिहिलेलं पत्र सगळीकडे फिरलं. आमच्या खात्यात ते सगळ्यांनी वाचलं. दोघी-तिघींचे डोळे भरून आले. आणि त्याच रात्री मी त्या मुलीला मेसेज पाठवला होता. तारीख ताडून पाहिली आहे मी. कायदा यावाच, मी त्या बाजूची आहे. पण तो आला तरी साहेबाला लागू होईल आणि मी त्यातून सुटेन, असं मला वाटत असेल तर ते चूक आहे.

ऑक्टोबरात एका रविवारी आम्ही पाल्याला गेलो, मी आणि मुलगा. रस्त्याने जायची सोय नव्हती, गाड्यांची रांग लागलेली. मग लोकलने कामशेत, तिथून रिक्षा, पुढे पायी. नाणे मावळातल्या या पाले गावाच्या डोंगरात एक लहानसं लेणं आहे, आणि त्यात ब्राह्मी लिपीतला शिलालेख. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी १९६९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याची सुरुवात "नमो अरहंतानं" अशी होते. त्यावरून अभ्यासकांनी ते जैन लेणं मानलं, आणि काळ सांगितला इसवी सनापूर्वीचा. लेखात फार काही नाही. इंद्ररक्षित नावाच्या कुणीतरी हे लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, करवून घेतलं, एवढंच.

मुलगा म्हणाला, "एवढंच? राजाचं नाव नाही, काही नाही?" मी म्हटलं, अरे, पाऊस लागला की साधूंना चार महिने एका जागी थांबायचं असतं. चालताना पायाखाली जीव येतात म्हणून. थांबायला छप्पर लागतं आणि प्यायला पाणी. त्याने तेवढंच दिलं. मावळातला पाऊस त्याला माहीत असणार. मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे तेव्हा पाऊस आला की लोक इथे थांबायचे, आणि आता पाऊस आला की सगळे इथे यायला निघतात." पोरगा दहावीला आहे. कधीकधी बरं बोलतो.

मी त्या टाक्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, थांबणं हे काम आहे असं कुणीतरी धरलं होतं. त्यासाठी छिन्नी घेऊन दगड फोडला होता. आमच्या घरात थांबायला जागा कुणी करायची?

तर मी काय केलं ते सांगते, म्हणजे उपदेशच केला असं नको.

ऑफिसात लेखी दिलं: मला साडेनऊ ते सहाऐवजी साडेआठ ते पाच द्या, तास तितकेच. साहेब म्हणाले, विचार करू. तीन आठवडे विचार झाला. मग आठवड्यातले तीन दिवस मिळाले, "मंथ-एंड सोडून". तीन तर तीन. त्या तीन दिवशी मी सव्वासहाच्या आत घरी असते. नोव्हेंबरात तेही पुरत नाही, त्या दिवसांत डबाच. उरलेले दोन दिवस चिंचवडच्या प्लॅटफॉर्मवर डबा उघडते. लोक बघतात, बघू देत.

घरात ठरवलं, गॅस सातला बंद. त्यानंतर जो येईल त्याने कॅसरोलमधलं वाढून घ्यायचं, ताट स्वतः घासायचं. पहिल्या दिवशी यांनी गार पोळीकडे असं पाहिलं की जणू मी पोळी नाही, नोटीस वाढली आहे. मुलाने मायक्रोवेव्ह घ्या म्हणून धोशा लावला. आठ दिवस नियम चालला. नवव्या दिवशी आत्यांनीच रात्री नऊला उठून तवा ठेवला. "दमून आलाय, गार काय खायचं त्यानं?" मी काही बोलले नाही. सत्तर वर्षांची सवय आहे, आणि माया आहे. त्याला मी अनर्थ कसं म्हणू? पण पुन्हा दुसऱ्या दिवशी सातला गॅस बंद केला. आता आठवड्यात चार-पाच दिवस जमतं. यांचं म्हणणं असं की हल्ली रात्री पोट हलकं राहतं. दुकानातून घरी यायच्या आधी, सहाच्या सुमारास, तिथेच डबा खाऊन घ्यायला त्यांनी सुरुवात केली आहे. व्रत वगैरे काही नाही हं, असं दोनदा बजावून सांगितलं मला.

आत्या दुपारी पुन्हा वाचत बसतात. परवा सुट्टी होती म्हणून मी घरी होते. तीन वाजता बघितलं तर पुस्तक छातीवर उघडं आणि त्या गाढ झोपलेल्या. मी चहा टाकला आणि कपांचा आवाज होऊ दिला नाही.

मेसेजचं सांगायचं राहिलं. ते सगळ्यात अवघड निघालं. पोळी न लाटणं जमलं, पण डोक्यात आलेलं काम पुढे न ढकलणं जमेना. शेवटी एक वही केली. रात्री जे आठवेल ते वहीत. सकाळी लोकलमध्ये बसले की वही उघडायची आणि साडेसातनंतर एकेक पाठवायचं. मळवलीपर्यंत नेटवर्क येत-जात असतं, त्यामुळे कामशेत गेलं की सगळे मेसेज एकदम जातात. गेल्या सोमवारी असेच चार पाठवले. तळेगावच्या आत तिचं उत्तर आलं.

"ताई, यातले तीन मी शुक्रवारीच केलेत. चौथं तुमच्याच टेबलावर सहीला आहे."